मोठ्या आईचा ताप

आधी चहा येऊ द्या, कारण हा किस्सा कोरड्या घशाने सांगण्यासारखा नाही. आणि मध्येच कोणी फिदीफिदी हसलं तर मी उठून जाईन, हेही आत्ताच सांगून ठेवते. मला अजून राग आहे. कोणाचा? ऐका, म्हणजे कळेल.

शिक्षण संपवून परदेशातून साकोलीला परतले तेव्हा मी भांडणाच्या तयारीने आले होते. खरंच! मला वाटलं होतं, गावाकडे माझ्या कामाला कडकडून विरोध होणार. लोक म्हणतील, हे काय विजेचं लफडं माणसाच्या अंगाला बांधतेस? कोणी अंगारा आणेल, कोणी देवऋषी बोलावेल. विमानात शेजारचा माणूस घोरत होता आणि मी एकेका आक्षेपावर मनातल्या मनात उत्तर घोटत होते. एका उत्तराला तर मला स्वतःलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आणि आल्यावर काय सापडलं? होकार!

"हो बाई." "करतो न माय." "तू म्हणशीन तसं."

सांगा, आता याच्याशी कसं भांडायचं? विरोध करणारा माणूस निदान कुठे उभा आहे ते तरी दिसतं. होकार देणारा दिसतच नाही! आमच्याकडे दुरून आलेल्या लेकीला नाही म्हणत नाहीत. ती म्हणेल ते रांधायचं, ती म्हणेल तिथे बसायचं, आणि तिची पाठ वळली की आपलं आपण करायचं. हा रिवाज मला लहानपणापासून माहीत होता, पण तो खाण्यापिण्यापुरता आहे, असा माझा समज होता. विज्ञानालाही तो लागू होतो, हे कोणत्याच विद्यापीठात शिकवत नाहीत.

माझं काम म्हणजे एक पट्टा. दिसायला साध्या बँडेजसारखा मऊ. आत दोन पातळ थर. माणूस हलला की ते एकमेकांवर घासतात आणि, कोरड्या केसांतून कंगवा फिरवला की कागदाचे कपटे त्याला चिकटतात ना, तशी इवलीशी वीज तयार होते. सेल नको, चार्जर नको, लाइट गेली तरी चिंता नको. ती वीज जखमेच्या कडांना हलकेच चेतवते आणि जखम भरायला मदत करते. तेवढ्याच विजेवर पट्टा अंगाचं तापमान, नाडीचे ठोके आणि हालचाल मोजून जवळच्या फोनला कळवतो, आणि तो फोन माझ्या फोनला. माणूस चालला की हिरवा दिवा. नुसता बसून राहिला की लाल.

आता माझी पहिली रुग्ण. माझी मोठी आई, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. राहते सानगडीला. धान कापून झाल्यावर बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, अनवाणी येताना कापलेल्या धानाचा खुंट तिच्या तळपायात घुसला, बरोब्बर अंगठ्याखाली. अंगात साखरेचा आजार. जखम भरेचना. भंडाऱ्याच्या सर्जननी सांगून टाकलं होतं, असंच राहिलं तर अंगठा काढावा लागेल.

मोठी आई त्या दिवशी एवढंच म्हणाली, "अंगठा गेला त धानाच्या रोवण्याले उभी कशी राहू वो? चिखलात सारा जोर अंगठ्यावरच असते."

मी तिथल्या तिथे ठरवलं, हा अंगठा जाऊ द्यायचा नाही. आणि पट्टा काढला.

"मोठी आई, डॉक्टरांच्या जाळीच्या पट्टीवरून हा बांधायचा. आणि चालायचं. जितकं चालशील तितकी वीज, आणि तितकी लवकर जखम भरेल."

"साकोलीच्या डॉक्टरीनबाई त म्हणते, पाय खाली टेकवूच नको."

"त्यांना हे नवीन तंत्र माहीत नाही."

"असं काय? मग तू म्हणशीन तसं, बाई."

तिचा मुलगा, आमचा गजूदादा, दारात उभा होता. म्हणाला, "चालाचं कायले? म्या बुढीले मोटरसायकलवर बसवून हिंडवून आणतो. खड्ड्यायनं आपोआप हलन!"

"गजूदादा, ही थट्टेची गोष्ट नाही."

"ना बाप्पा, थट्टा कायची? म्या त मदत करून राहिलो."

मोठ्या आईकडे साधा फोन. म्हणून पट्टा गजूदादाच्या फोनला जोडला आणि मी साकोलीला आईबाबांकडे परतले.

पहिले दोन-तीन दिवस फोनवर लालच लाल. मी सकाळी फोन करायचे, दुपारी करायचे, संध्याकाळी करायचे.

"मोठी आई, दिवा लाल का आहे?"

"लाल हाय काय? आता हिरवा करतो न माय."

"रडकुंडीला आणलंयस मला!"

"रडू नको वो. जेवलीस काय?"

आणि मग एका सकाळी, मी ब्रश तोंडात धरून फोन बघितला, आणि काय सांगू! हिरवा! नुसता हिरवा नाही. आलेख असा वर वर चाललेला की फोनच्या बाहेर पडतो की काय. मोठी आई चालत होती. मग थांबत होती. मग, तुम्ही विश्वास ठेवा, पळत होती! थोडा वेळ तुफान, मग शांत, मग पुन्हा तुफान.

मी फोन लावला. "मोठी आई, तू पळतेस?"

"थोडीशी, बाई."

थोडीशी! साठी उलटलेली बाई, पायाला जखम, आणि थोडीशी पळते! माझे डोळे भरून आले. ब्रश तोंडातच होता, त्यामुळे आईला वाटलं दाढ दुखतेय. मी घरात सांगितलं, शेजारी सांगितलं, सानगडीच्या बसमध्ये कंडक्टरला सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या बुढ्याच्या गुडघ्यालेबी पाहा न मॅडम." मी म्हटलं, पाहू, सगळ्यांचं पाहू! जिल्हा पालथा घालायचा होता मला.

रविवारी सानगडीला गेले. मोठी आई खाटेवर, पायाला पट्टा व्यवस्थित बांधलेला. मी तो कौतुकाने सोडला. आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पट्ट्यावर शेण!

"मोठी आई! जखमेला शेण लावलंस?"

तिने गजूदादाकडे बघितलं. गजूदादाने वरती आढ्याकडे बघितलं.

"हो वो," ती हळूच म्हणाली. "चुकलं."

"कोणत्या जमान्यात राहता तुम्ही? धनुर्वात होईल! अंगठाच काय, जीव जाईल!" मी उभी राहून भाषण केलं. जंतू किती प्रकारचे, ते कुठून शिरतात, कुठे वाढतात, सगळं सांगितलं. नशीब, आतली डॉक्टरांची जाळी स्वच्छ होती. मग पट्टा पुसताना त्याला चिकटलेला एक राठ, पांढरा केस सापडला. मी तो उजेडात धरला.

"हे बघ! केसही गळताहेत तुझे. आणि किती राठ झालेत! अंगात लोह नाही. उद्यापासून रोज पालेभाजी."

गजूदादाला असा ठसका लागला की तो तोंडावर दुपट्टा धरून बाहेरच गेला. मला वाटलं, याचंही काही बघायला हवं.

पण खरी आग पुढेच होती. दिवा हिरवा झाल्यापासून पट्टा मोठ्या आईला रोज ताप दाखवत होता. सकाळी एकशे एक, संध्याकाळी त्याहून जास्त. मी आधी दुर्लक्ष केलं, पळण्याने अंग तापत असेल म्हणून. पण ती झोपलेली असतानाही ताप! पायाला जखम, साखरेचा आजार आणि न उतरणारा ताप. याचा अर्थ काय ते सांगायला डॉक्टर लागत नाही.

तरी त्याच आठवड्यात मी तिला साकोलीच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. या मॅडम माझ्याहून चार-दोन वर्षांनी मोठ्या, पण बोलणं असं की समोरचा शाळेतला वाटावा. मोठ्या आईने पट्टा घरी ठेवला होता, "धुवाले टाकला," म्हणाली. मॅडमनी जखम बघितली, म्हणाल्या, छान भरतेय. थर्मामीटर लावला. म्हणाल्या, ताप नाही.

"आहे," मी म्हटलं. आणि फोन पुढे केला.

"थर्मामीटर नाही म्हणतोय."

"थर्मामीटर एकदा मोजतो. माझा पट्टा दिवसभर मोजतो. तुमचं यंत्र जुनं झालं असेल."

मॅडमनी दुसरा थर्मामीटर काढला. तोही नाही म्हणाला. मी म्हटलं, दोन्ही एकाच दुकानातले असतील.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या, "मी औषध पेशंटला देते. फोनला नाही."

असा राग आला! आपण हजारो मैलांवरून आपल्या माणसांसाठी परत यायचं, आणि इथे काचेच्या नळीवर विश्वास! मी बाहेर येऊन थेट भंडाऱ्याच्या सर्जनना फोन लावला. आठवडाभर ताप आहे, उतरत नाही, म्हणून सांगितलं. ते गंभीर झाले. म्हणाले, असं असेल तर इन्फेक्शन हाडात शिरलं असेल. सोमवारी घेऊन या. अंगठा काढायची मनाची तयारी ठेवा.

मी हे मोठ्या आईला सांगितलं तेव्हा ती दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. पायाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पट होऊ दे न बाई. घरी पाव्हणे येतीन. मग जाऊ."

पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. गावचा पट आला की घरोघरी पाहुण्यांची रांग लागते. मोठ्या आईच्या घरी तर जास्तच, कारण तिचे यजमान, आमचे मोठे बाबा, पटाच्या कमिटीत, आणि गजूदादाचा सर्जा पटाचा बैल. पांढराशुभ्र, डौलदार, आणि घरातल्या कोणापेक्षाही जास्त लाड असलेला.

पुढच्या रविवारी, पटाच्या दिवशी, मी धावपट्टीच्या कडेला उभी होते. शर्यतीकडे माझं लक्ष नव्हतं. उद्या सोमवार, उद्या अंगठा, एवढंच डोक्यात. हातात फोन. समोरून पुकारा झाला, सर्जाची जोडी सुटली, गजूदादा गाडीवर वाकलेला, लोक आरडाओरडा करताहेत. आणि माझा फोन किंचाळायला लागला.

ताप चढलेला. नाडी अशी की आकडा वाचेपर्यंत बदलतोय. असे ठोके मी कधी पाहिले नव्हते. माणूस असे ठोके घेऊन जगत नाही!

मी पळाले. घराकडे नाही, मंडपाकडे. मोठ्या बाबांच्या हातातला माइक हिसकावला आणि साऱ्या पटाला ऐकू जाईल अशी ओरडले, "कोणी डॉक्टर आहे का? धावा! माझी मोठी आई चाललीय हो!"

आता आमच्या गावाला एवढं सांगितल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. सगळा पट उठला. पटाला आलेल्या डॉक्टर मॅडम उठल्या. भजेवाला झारा घेऊन उठला. घड्याळ धरून सेकंद मोजणारा माणूससुद्धा उठला! मोठे बाबा तर धोतर सावरत सगळ्यांच्या पुढे. आणि सर्जाची जोडी वाऱ्यासारखी पल्ला ओलांडून गेली, तेव्हा ती बघायला तिथे कुत्रंही नव्हतं.

आम्ही अंगणात घुसलो. मोठी आई खाटेवर बसली होती. पाय दोन उशांवर. मांडीवर सूप. वालाच्या शेंगा सोलत होती.

"काय झालं वो?" ती घाबरली. "कोण गेलं?"

"तू!" मी ओरडले.

"मी? मी त इथंच हाओ. मी कुठं गेली?"

मोठे बाबा खाली बसले ते बसलेच. मॅडमनी मोठ्या आईच्या कपाळाला हात लावला, थर्मामीटर लावला, नाडी धरली. मग माझ्याकडे बघितलं. "ठणठणीत आहेत."

पण फोन? फोन अजून किंचाळत होता! मी तो सगळ्यांना दाखवला, जणू मोठी आई खोटं जगत होती.

तेवढ्यात फाटकातून गजूदादा आला. एका हातात सर्जाचा कासरा, तोंड लालबुंद. "कोन्या अकलेच्या कांद्यानं पट उठवला बे? माहा सर्जा आज असा पळला, असा पळला, का जन्मात नाही पळला! अन् घडीवालाच नाही जागेवर!"

सर्जाने फुसकारा टाकला. त्याच्या पोटाच्या बाजू भात्यासारख्या हलत होत्या. त्याने पुढचा पाय आपटला. माझ्या फोनवरचा हिरवा दिवा लकाकला. मी सर्जाच्या पायाकडे बघितलं. नजर लागू नये म्हणून बांधलेल्या काळ्या दोऱ्यांच्या गुंत्यात, नीट दोन गाठी मारून, माझा पट्टा होता. माझ्या आयुष्यातली पाच वर्षं. बैलाच्या पायात!



"मोठी आई," मी म्हटलं. "कधीपासून?"

"तू रडकुंडीले आली होतीस न, तवापासून." तिने सूप बाजूला ठेवलं. "डॉक्टरीन म्हणे, टेकवू नको. तू म्हणे, चाल. दोघीबी शिकल्या-सवरलेल्या. कोणाले नाही म्हणू? सर्जा त पटासाठी रोज पळूनच राहिला होता. गजू त्याच्यासंगंच, अन् फोन गजूच्या खिशात. म्हटलं, तुहा दिवाबी हिरवा होईन, माहा पायबी वर राहीन."

"आणि ताप? अगं, उद्या तुझा अंगठा कापणार होते!"

"तेच त सांगाचं होतं आज. सकाळपासून हिंमत करून राहिली. पण तू इतक्या दुरून आली, इतकी खुश होतीस..."

"आणि गजूदादा, तू? तुला कळत नव्हतं, तो ताप सर्जाचा आहे?"

"कळला न!" गजूदादा चिडलेलाच. "म्या त ढोराच्या डॉक्टरले बोलावलं. सर्जाले एकशे एक ताप, म्हटलं पट गेला! तो हसला. म्हणे, बैलाचं अंग इतकंच गरम राह्यते. मले वाटलं, सर्जाचा त बरोबर हाय, बुढीचा येगळा असन. तू सांगत होतीस न, बुढीले ताप हाय म्हून! तू शिकेल. म्या कायले मधात बोलू?"

मी मान खाली घातली. पण तेवढ्यात मॅडमनी मोठ्या आईच्या पायाची जाळी सोडली होती, आणि मला जखम दिसली. गुलाबी, कोरडी, जवळजवळ मिटलेली! वैज्ञानिक माणसाची खोड काही जात नाही बघा. मी चटकन म्हटलं, "पण भरली की नाही? म्हणजे थोडा तरी पट्ट्याचा..."

"पट्टा कोणाच्या पायात होता?" मॅडमनी विचारलं.

मी सर्जाकडे बघितलं.

"पाय टेकवला नाही म्हणून भरली. तळपायाची जखम आहे. चालल्या असत्या तर प्रत्येक पावलाला ती दाबली गेली असती. हा प्रयोग तुम्ही आधी कोणावर केला होता?"

"उंदरांवर."

"जखम कुठे होती त्यांची?"

"पाठीवर."

मॅडमनी जाळी पुन्हा बांधली. अगदी शांतपणे विचारलं, "आणि ते पाठीवर चालत होते का?"

आता हसा! मला माहीतच होतं, हसालच. तेव्हाही सगळं अंगण हसलं. भजेवाला तर झाऱ्यावर रेलून हसला. मी मात्र चिडले होते. होकार देणाऱ्यांवर, गजूदादावर, मॅडमवर, सर्जावर. त्या बैलावर राग काढायला एकही मुद्दा सापडेना, तरी काढला. भंडाऱ्याला फोन करून सोमवार रद्द करायला लावला मॅडमनीच, माझ्याच तोंडून. सर्जन विचारत होते, ताप कसा उतरला? मी सांगितलं, बैलाचा होता. त्यांनी फोन मॅडमकडे द्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर घर पाहुण्यांनी भरलेलं. ओसरीवर माणसं, माजघरात माणसं, सगळ्यांना चहा हवा, अंघोळीला पाणी हवं. आणि मोठी आई खाटेवरून खाली उतरत होती. पाय टेकवत होती. लेकीला नाही म्हणत नाहीत, तसं पाहुण्यांनाही म्हणत नाहीत.

राग कुठल्या कुठे गेला. नाही, गेला नाही, शेवटी नीट पत्त्यावर पोचला. तिला बसायला सांगणारा घरात एकच माणूस असायला हवा होता, आणि तोच, म्हणजे मीच, तिला आठवडाभर पळवत होता. मी तिला धरून परत बसवलं, पाय उशीवर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "जखम पूर्ण भरेपर्यंत मी इथेच राहणार. या घरातलं सगळं चालणं आता मी चालणार. पाणी मी, चहा मी, चूल मी. हिने पाय खाली टेकवायचा नाही."

असा निश्चय करून मी घागर उचलली. दारापर्यंत गेले असेन. मागून मोठ्या आईचा आवाज आला.

"गजू, सर्जाच्या पायातला पट्टा सोड रे. हिच्या पायाले बांध. बिचाऱ्या ढोराले आराम तरी भेटन."